नारोशंकराची घंटा आणि चोवीस डिसेंबरची भरती

प्रश्न असा आहे : "वसईतल्या एका शाळेत मी पाचवी-सहावीला शिकवते. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नाताळची जादुई साहस-कादंबरी लिहायला घेतली आहे. तीन प्रकरणं झाली. बाहेर बर्फ पडतोय, एमा नावाची मुलगी सांताची वाट बघतेय, सांताची घसरगाडी बिघडते आणि एमा ती दुरुस्त करायला उत्तर ध्रुवावर जाते. वर्गात वाचून दाखवलं तर मुलं म्हणाली, 'बाई, हे आम्ही पाहिलंय.' माझं काय चुकतंय?"

मुलांचा शब्द नीट ऐका. 'कंटाळा आला' असं नाही म्हणाली ती, 'पाहिलंय' म्हणाली. बावीस वर्षं मी कुमारांच्या पुस्तकांचं संपादन करतेय आणि या वयाच्या वाचकाचा याहून कडक शेरा मला माहीत नाही. पुढच्या पानावर काय होणार ते आम्हाला आधीच कळलंय, मग पान उलटायचं कशाला, एवढाच त्याचा अर्थ.

तुमची तिन्ही प्रकरणं वाचली. भाषा स्वच्छ आहे, वाचताना कुठे अडखळायला होत नाही. पण त्या सबंध मजकुरात मला एकच जागा जिवंत वाटली आणि ती बहुधा तुमच्या नकळत आली आहे. एमाची आजी खिडकीशी बसते, मैद्याची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर दाबते, गुंडाळते आणि नाताळच्या फराळातला तो कलकल ताटात टाकते. अहो, बर्फाच्या देशातल्या या आजीला कलकल कुणी शिकवले? ती आजी वसईची आहे. तुम्ही तिला बोलावलं नव्हतं, ती आपणहून कादंबरीत शिरली. आता तुम्ही तिच्या मागे तिच्या घरी जा.

बर्फाशी माझं भांडण नाही. सकाळी फावड्याने बर्फ उपसून ज्यांनी घराचं दार उघडलंय, त्यांनी बर्फावर जरूर लिहावं. तुम्ही आणि मी बर्फ पडद्यावरच जास्त पाहिलाय, म्हणून आपल्या वाक्यांतही तो पडद्यावरचाच पडतो. भुरभुरतो, चमकतो, पण कुणाचे मोजे ओले करत नाही. वसईतली डिसेंबरची रात्र तुम्हाला अंगाने माहीत आहे. वाडीतल्या केळीच्या पानांवरून ठिबकणारं दव, खाडीकडून येणारा सुक्या मासळीचा वास, दारात टांगलेल्या नाताळच्या चांदणीला झोंबणारे चिलटांचे थवे. हे लिहायला तुम्हाला काही जमवाजमव करावी लागणार नाही.

सांताला सांभाळून वापरा, शक्यतो वापरूच नका. ज्या संत निकोलसावरून तो आला, ते चौथ्या शतकातले मायरा गावचे बिशप. हे गाव आजच्या तुर्कस्तानात येतं. त्यांचा सण ६ डिसेंबरला असतो. रेनडियर आणि घसरगाडी त्यांना मिळाली ती एकोणिसाव्या शतकात, अमेरिकेत. तेव्हा त्याच्यावाचून नाताळची गोष्ट होत नाही असं काही नाही. पण माझा आक्षेप इतिहासाचा नाही, कारागिरीचा आहे. एका रात्रीत जगभर फिरू शकणारा मोठा माणूस पानावर आला की तुमच्या अकरा वर्षांच्या नायिकेला करायला काही उरत नाही. घसरगाडी बिघडली तर तो दुसरी आणेल. साहसकथेत सगळ्यात नडणारं पात्र म्हणजे सर्वशक्तिमान प्रेमळ मोठा माणूस.

आता मुद्द्याचं बोलते. तुमच्या गावची घंटा माझ्या गावात आहे.

मी नाशिकची. पंचवटीत गोदेच्या काठावर नारोशंकराचं देऊळ आहे, १७४७ साली बांधलेलं. आत रामेश्वर आहे, पण नाशकात कुणी त्या नावाने पत्ता सांगत नाही. नदीकडच्या तटावर एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे, तिच्यावरून सगळे ओळखतात : 'नारोशंकराची घंटा'. गोदेला पूर आला की घरातली मोठी माणसं विचारायची, "पाणी घंटेला लागलं का?" लागलं म्हणजे मोठा पूर. माझ्या लहानपणी ती घंटा म्हणजे पाण्याची मोजपट्टी होती, दुसरं काही नाही.

पुढे कधीतरी कळलं की तिच्यावर १७२१ हे साल आहे. देऊळ १७४७ चं, घंटा १७२१ ची. देवळापेक्षा घंटा सव्वीस वर्षांनी मोठी! ही वजाबाकी तुमच्या पाचवीच्या वर्गाला सहज येते आणि रहस्यकथेत मुलाला स्वतः सोडवता येईल असा धागा याहून चांगला मिळणार नाही. उत्तर तुम्हाला माहीतच असेल. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला आणि तिथल्या चर्चांच्या घंटा पुढे घाटावरच्या देवळांत गेल्या. नारोशंकराची घंटा त्यांतलीच मानतात. भीमाशंकरला शनीच्या देवळापुढे एक टांगलेली आहे, तिच्यावर १७२९ साल आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर एक आहे, ती १७०७ ची. तिच्यावर तर बाळाला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. घाटावर येणारे लोक पिढ्यानपिढ्या ती वाजवताहेत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही आणि वाटूही नये.

आणि इकडे वसईच्या किल्ल्यात सेंट जोसेफ चर्चचा मनोरा उभा आहे. वळसे घेत वर जाणारा जिना, माथ्यावर कमानी, आणि त्या कमानींत वारा. घंटा नाही.

यातलं काहीही मी शोधून काढलेलं नाही. सहलीला जाणाऱ्यांना हे सगळं सांगितलं जातं. पण तुमच्या एमाला एवढंच पुरेसं आहे. चोवीस डिसेंबरच्या रात्री त्या रिकाम्या मनोऱ्यातून एक टोला ऐकू येतो. संपलं, तुमचं पहिलं प्रकरण झालं. मात्र एक पथ्य पाळा. तो टोला 'फक्त मुलांनाच ऐकू येतो' असं करू नका, ही युक्ती फार झिजलीय. सगळ्या गावाला ऐकू जाऊ दे. मोठ्या माणसांना कारणं लगेच सुचतात. कुणी म्हणेल फटाका, कुणी म्हणेल मंडपवाल्याचा लाऊडस्पीकर तपासतायत, कुणी म्हणेल खाडीवर बोट आपटली. मुलांना कारण सुचत नाही, म्हणून मुलं बघायला जातात. मोठ्यांच्या आणि मुलांच्या जगातला एवढाच फरक दाखवलात तरी बास.

जादूचं काय, हा पुढचा प्रश्न. माझ्याकडे येणाऱ्या दहा हस्तलिखितांतल्या आठांत जादू म्हणजे दिवा : बटण दाबलं की लागतो. काही वर्षांपूर्वी असं एक पुस्तक मीच हौसेने काढलं. नायकाजवळ एक शिट्टी होती, फुंकली की पाहिजे तिथे पोचता येई. वाचनाच्या कार्यक्रमात चौथीतल्या एका मुलाने हात वर केला : "मग त्याने ती शिट्टी दुसऱ्याच पानावर का नाही वाजवली?" लेखक माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. दीडशे पानं छापून झाली होती.

तेव्हापासून मी लेखकाला पहिल्या भेटीत दोनच प्रश्न विचारते. तुमच्या जादूला काय जमत नाही? आणि ती वापरली की वापरणाऱ्याचं काय जातं? या दोहोंची उत्तरं पहिल्या तीन प्रकरणांत वाचकाला कळली पाहिजेत. नियम आधी कळले तरच नायिका अडकली की वाचकाला तिच्याबरोबर डोकं चालवता येतं. नियम शेवटी सांगितलेत तर ती लेखकाची लबाडी होते.

घंटांच्या गोष्टीत नियम कसा बांधता येईल ते दाखवते. हे माझं, पाहिजे तर घ्या, नाहीतर सोडा. नकाशा काढा. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात गोदावरी उगम पावते आणि पूर्वेला जाते, नाशकात नारोशंकराच्या पायाशी येते. त्याच डोंगररांगेतून वैतरणा निघते, ती मात्र पश्चिमेला वळते आणि वसईच्या उत्तरेला, अर्नाळ्याच्या बाजूला समुद्राला मिळते. म्हणजे एकाच डोंगरावरचा पाऊस अर्धा नाशिकच्या घंटेकडे जातो आणि अर्धा वसईच्या समुद्राकडे. मी हे पहिल्यांदा नकाशावर बोट फिरवून पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आवाजाला जायला रस्ता मिळाला. वसई ते नाशिक दीडशे किलोमीटरच्या वर आहे, मध्ये कसारा घाट आहे. मुलं एका रात्रीत जाऊन येणार नाहीत, त्यांना उडवूही नका. त्यांच्याऐवजी आवाज जाईल, पाण्यावरून.

तर नियम असा : नाताळच्या रात्री, भरतीचं पाणी चढत असेतोवरच, घरापासून दूर गेलेल्या घंटांना आपल्या मनोऱ्याची हाक ऐकू येते. पाणी उतरायला लागलं की वेळ संपली. हाक मारायची तर मनोऱ्यात घंटा टांगायची जी लोखंडी कडी असेल (ती तुम्ही कल्पनेने बसवा), तिच्यावर पितळ आपटायचं. एमा घरून आजीचा बत्ता पळवते. आणि किंमत? प्रत्येक टोल्याला मारणाऱ्याजवळचा एक आवाज कायमचा जातो.

आधी किरकोळ आवाज जातात. तो प्रसंग साधारण असा लिहिता येईल (जेरी हा एमाबरोबरचा कोळीवाड्यातला मुलगा) :

"एमाने बत्ता दोन्ही हातांनी उचलला आणि कडीवर हाणला. टण्ण! काही झालं नाही. मग बऱ्याच वेळाने, फार लांबून, पाण्याखालून कुणी हुंकार द्यावा तसं उत्तर आलं. 'आलं!' म्हणत ती जिन्यावरून खाली धावली. जेरीही मागून धावत येत होता. खाली पोचल्यावर तिने विचारलं, 'तू चपला कुठे काढल्यास?' जेरीने पायांकडे बघितलं. चपला पायातच होत्या."

बघा, इथे 'एमाला चपलांचा आवाज ऐकू येईनासा झाला' असं कुठेही म्हटलेलं नाही. वाचणाऱ्या मुलाला क्षणभर कळत नाही आणि मग कळतं. तो क्षण त्याचा असतो, त्याच्या हातून काढून घेऊ नका. दुसऱ्या टोल्याला कुकरची शिट्टी जाईल, तिसऱ्याला सायकलची घंटी. चौथ्याच्या वेळी एमाच्या लक्षात येतं की आवाज आता जवळचे जाऊ लागलेत. पाचवा टोला मारायचा की नाही? कारण पुढचा आवाज आजीचा असू शकतो. शेवट मी सांगणार नाही, तो तुम्ही ठरवा. फक्त गेलेले आवाज शेवटी फुकटात परत देऊ नका. निदान एक तरी गेलेलाच राहू द्या, सायकलच्या घंटीएवढा का होईना.

वेळेची दोरी तुम्हाला आयती मिळाली आहे आणि ती घड्याळापेक्षा चांगली आहे. कोळीवाड्यातल्या कुणालाही विचारा, भरतीचा हिशेब तिथीवर चालतो. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पाणी भरतं आणि ती भांगाची भरती, पाणी फार चढत नाही. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा, आणि ती उधाणाची. २०२६ साली २४ डिसेंबरच्या सकाळी पौर्णिमा संपते, रात्री वद्य प्रतिपदा. वद्यात पुन्हा एकपासून मोजायचं, म्हणजे रात्री बारानंतर पाऊण तासाने पूर्ण भरती. विचार करा : आभाळात जवळजवळ पूर्ण चंद्र, समुद्राला उधाण, मध्यरात्रीची मिस्सा चालू आहे, आणि पाणी अजून पाऊण वाजेपर्यंत चढणार आहे. एखाद्या लेखकाने हे स्वतःच्या मनाने रचलं असतं तर मी म्हटलं असतं, जरा जास्तच जमवून आणलंय.

हा पाऊणचा पाढा कादंबरीत आणाच. कोळीवाड्यातला जेरी हा हिशेब तोंडी करतो आणि वर्गात गणितात पहिली येणाऱ्या एमाला तो येत नाही. दोघांची ओळख करून द्यायला वेगळं वर्णन लागणार नाही.

मोठ्या माणसांना वाटेतून दूर कसं करायचं, हा कुमार कादंबरीतला कायमचा डोकेदुखीचा भाग. आईवडील मारून टाकण्याची एक जुनी रीत आहे. मला ती आळशीपणाची वाटते. तुम्हाला त्याची गरजही नाही, कारण चोवीस तारखेच्या संध्याकाळी घरात मोठ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. मुलं गाणी म्हणत घरोघर फिरतायत असं सगळ्यांना वाटतं, तेवढे दोन-तीन तास हाताशी येतात. परतीची वेळ ठरवायला येशूजन्माचा गोठा आहे. चर्चच्या अंगणातल्या जिवंत देखाव्यात एमा मेंढपाळ झालीय. ती वेळेवर आली नाही तर तिच्या हातातलं कोकरू धरायला कुणी नाही, म्हणजे गावभर बोंब. किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिथे रात्री मुलं कशी, असं वाचक विचारेल. पण किल्ल्यातूनच पाचूबंदराकडे रस्ता जातो, जेरीचं घर तिकडे आहे. तो रोज तिथून जातो. उत्तर मिळालं.

नाशिकच्या बाजूला एक मूल हवं. सई म्हणा, कुणी म्हणा. पुराच्या पाण्याची खूण बघायला बाबांबरोबर घंटेपाशी जाणारी, नाताळशी काही संबंध नसलेली मुलगी. त्या रात्री गोदेत पूर नाही, वारा नाही, आणि घंटा आपोआप हुंकारते. एमाची आणि तिची गाठ फोनवर पडते आणि सई फोन घंटेकडे उंच धरते. जादूच्या गोष्टीत मोबाईल आणायला लेखक घाबरतात, रेंज घालवतात, बॅटरी संपवतात. घाबरू नका. फोनवरून ऐकू येणं हाच इथे गोष्टीचा विषय आहे, आणि एमाला त्या फोनमधून काय ऐकू येईल आणि काय नाही, हे किती टोले झालेत त्यावर ठरेल.

आता नाजूक भाग. १७३९ ची मोहीम महाराष्ट्रात अभिमानाने सांगितली जाते आणि वसईतल्या तुमच्या शेजाऱ्यांच्या घरी ती जरा वेगळ्या सुरात सांगितली जात असेल. मुलांच्या पुस्तकात या दोहोंपैकी कुणालाही खलनायक करू नका. घंटा चोरीला गेली आणि मुलांनी ती परत आणली, अशी गोष्ट मी छापणार नाही. पहिलं कारण म्हणजे ती खोटी आहे. देवळातल्या घंटेला आता पावणेतीनशे वर्षांचे नाशिककरही आहेत, माझ्या आजीने तिच्याकडे बघून पुराचा अंदाज घेतलाय. दुसरं कारण कारागिरीचं : वस्तू परत मिळवणं हा शेवट मुलांना पहिल्याच प्रकरणात दिसतो. घंटा जिथे आहे तिथेच राहावी आणि तरी काहीतरी घरी यावं, हे अवघड आहे, म्हणूनच ते लिहिण्यासारखं आहे.

श्रद्धेचंही तसंच. गव्हाणीतला बाळ येशू, वेदीवरच्या वस्तू, पवित्र पाणी, यांना जादूची साधनं करू नका. जादू ही चमत्काराची स्वस्त आवृत्ती आहे असं वाटलं तर श्रद्धाळू घरातले आईवडील पुस्तक बाजूला ठेवतील आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही. पाणी, पितळ, चंद्र, मनोरा हे सगळ्यांचे आहेत. फादरांना विनोदी पात्र करण्याचा मोहही टाळा. आणि देवळातल्या पुजाऱ्यांना रागीट करण्याचाही. मला वाटतं, त्या रात्री दोघांनाही आवाज ऐकू आला आणि दोघांनीही कुणाला सांगितलं नाही, एवढं पुरे.

भाषेबद्दल दोन गोष्टी. 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलाय आणि मराठीत इतका मुरलाय की कुणी त्याला पाहुणा म्हणत नाही. ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत १६१६ साली छापून आली आहे, गोव्यात, फादर स्टीफन्सांच्या हातून. तेव्हा नाताळ मराठीत लिहिताना परक्याच्या अंगणात आल्यासारखं लिहू नका. 'ख्रिस्ती लोक या दिवशी केक कापतात' असलं पाठ्यपुस्तकी वाक्य तुमच्या दुसऱ्या प्रकरणात आहे, ते आधी काढा. एमाच्या घरात कुणी एमाला नाताळ समजावून सांगणार नाही. सईला प्रश्न पडतील, ते ती विचारेल, त्यातलं कळायचं ते वाचकाला कळेल.

दुसरी गोष्ट बोलीची. आजी वसईतल्या सामवेदी समाजातली असेल तर तिच्या तोंडी त्यांची कादोडी बोली येऊ द्या, पण थोडी. चिडल्यावर, लाड करताना, देवाशी बोलताना. बाकी वेळी तुमच्या कानाला बरोबर वाटेल अशी साधी मराठी चालेल. अर्थ कंसात देऊ नका, पुढच्या वाक्यातल्या कृतीतून तो कळावा. आणि बोली लिहिल्यावर घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला ती मोठ्याने वाचून दाखवा. ती हसली तर कुठे हसली ते लिहून घ्या. जेरीची भाषा वेगळी, सईची वेगळी. सई 'येऊन राह्यलीय' म्हणेल, एमा नाही म्हणणार.

लांबी वीस हजार शब्दांच्या आसपास ठेवा. हजार-अकराशे शब्दांचं प्रकरण मोठ्याने वाचायला साधारण दहा मिनिटं लागतात, शाळेत तास संपता संपता होतं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कुणी कड्यावर लटकायला नको. मुलांना त्याचा कंटाळा येतो. कधी एखादा प्रश्न, कधी फक्त पाण्याची पातळी. मी असते तर प्रकरणांना आकडे न देता भरतीच्या खुणा दिल्या असत्या : पाणी पायरीला, पाणी गुडघ्याला.

तुमच्या पहिल्या वाक्याचं काय करायचं ते सांगते आणि थांबते. सध्या ते असं आहे : "बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि उबदार शेकोटीजवळ बसून छोटी एमा मोठ्या आतुरतेने सांताची वाट पाहत होती." यात 'छोटी' नको, दहा-अकरा वर्षांच्या वाचकाला स्वतःच्या वयाच्या मुलीला कुणी छोटी म्हटलेलं आवडत नाही. 'आतुरतेने' हे तुम्ही सांगताय, एमा काही करत नाही. वाट पाहणारी नायिका ही बसलेली नायिका. तिला उठवा : "एमाने चांदणीतला बल्ब तिसऱ्यांदा बदलला आणि तो तिसऱ्यांदा उडाला." आता तिला खाली उतरावं लागेल, कुणाकडे तरी बल्ब मागायला जावं लागेल, आणि वाटेत तो टोला ऐकू येईल.

छापण्याचं वेळापत्रक मात्र आत्ताच मनात धरा. नाताळचं पुस्तक नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दुकानात पोचलं नाही तर ते पुढच्या वर्षाचं होतं. एकदा आमच्या एका पुस्तकाचे गठ्ठे छापखान्यातून २८ डिसेंबरला आले. मुखपृष्ठावर मोठी चांदणी होती. अकरा महिने ती गोदामात चमकत होती. म्हणून शेवटचा खर्डा मे महिन्यात द्या. चित्रकाराला मनोऱ्याचे, जिन्याचे, पाचूबंदरच्या होड्यांचे फोटो तुम्हीच काढून पाठवा, नाहीतर मनोरा परदेशी होईल आणि होडीला शीड लागेल.

शाळेला सुट्टी लागली की नाशिकला या. घंटा नदीच्या बाजूने, खालून बघायची असते. दुपारी ऊन तिच्या काठावर येतं. एक वही आणा, तिथे उभं राहून आपल्याला काय काय ऐकू येतं त्याची यादी करा. एमाजवळून जायचे आवाज त्यातूनच निवडता येतील. आणि येण्याआधी आजीला विचारून घ्या, कलकलांच्या पिठात नारळाचं दूध घालते की अंडं. पहिल्या प्रकरणात तुम्ही दूध घातलंय, तिसऱ्यात अंडं. मुलं हे पकडतात.